डोंगर सरांचा डावा हात

सातमाळा-अजिंठ्याची डोंगररांग मी पहिल्यांदा पाहिली ती आमच्या सरांच्या डाव्या हातावर. भूगोलाच्या तासाला सर आधी घड्याळ काढून खिशात टाकायचे, शर्टाची बाही कोपराच्या वर दुमडायचे आणि हात टेबलावर आडवा ठेवायचे. "या सगळे माझ्या मागं. समोरून पाहान तर पूर्व-पश्चिम उलटी दिसन, आन मग पेपरात तसंच लिहान." आम्ही बाकांवरून उड्या मारत त्यांच्या पाठीमागे गर्दी करायचो. कोपर म्हणजे मनमाडकडची बाजू. हाताच्या मधोमध अजिंठा, मनगटाशी बुलडाणा-वाशीम. पंजा आला की सर पाचही बोटं फाकवायचे. "इथवर डोंगर एकटा चालत आला. इथं थकला, आन त्याचे फाटे झाले. हे बोटं म्हंजे आपण. यवतमाळ जिल्हा."

करंगळीच्या पलीकडे वर्धा नदी, अंगठ्याच्या अलीकडे पैनगंगा. बोटांच्या बेचक्यांत ते निळ्या पेनानं रेघा ओढायचे: बेंबळा, अडाण, अरुणावती, पूस. मग करंगळीशेजारच्या बोटावर एक ठिपका. तो ठिपका म्हणजे आमच्या गावामागची टेकडी. तिच्या एका अंगाचं पाणी बेंबळेला जातं, दुसऱ्या अंगाचं अडाणला. संध्याकाळपर्यंत त्या रेघा सरांच्या हातावर असायच्या. सरांच्या घरच्या काकू म्हणायच्या, "आधी नद्या धुऊन या, मग ताट वाढते."

सर मूळचे बुलडाण्याकडचे. "मी मनगटावरून बोटावर आलो, डोंगर नाही सोडला," असं म्हणायचे. त्यांचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटाबाहेर कोणी वापरलं नाही. पोस्टमनसुद्धा 'डोंगर सर कुठं राहतात' असंच विचारत यायचा.

त्यांचा एक नियम फार कडक होता. प्रश्न विचारला आणि कोणी 'माहीत नाही' म्हणालं, की त्यानं उभं राहायचं. उत्तर चुकलं तर चालायचं, अर्धं आलं तर चालायचं, पण 'माहीत नाही' म्हटलं की तास संपेपर्यंत उभं. "माहीत नाही हे काही उत्तर नोहे, तो आळस आहे," असं ते म्हणायचे. आमच्या वर्गातला संतोष तर उभा राहून राहून उंच झाला, असं आम्ही चिडवायचो. स्वतः सरांच्या तोंडून ते दोन शब्द आम्ही कधी ऐकले नव्हते.

आता त्या टेकडीचं सांगतो. आमचं गाव नेर आणि दारव्ह्याच्या मध्ये आहे. टेकडी बसकी, वर सपाट, आणि सपाटीच्या मधोमध उभ्या कडांचा मोठा खड्डा. पावसाळ्यात त्यात पाणी साचतं. कडेला लाल मातीचा भाजल्यासारखा थर, छिद्रंछिद्रं पडलेला काळा दगड, फोडला की आत पांढरे चकचकीत खडे. सर तरुणपणी गावात रुजू झाले तेव्हा पहिल्याच हिवाळ्यात एकटे वर चढले, सगळं पाहिलं, आणि खाली चावडीवर येऊन म्हणाले, "तुमच्या गावाच्या डोक्यावर विझलेला ज्वालामुखी आहे." चावडीवरच्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं म्हणे. मग एकजण म्हणाला, "असंन बापा. तुमी शिकलेले."

तेव्हापासून आमचं गाव ज्वालामुखीचं गाव झालं. फाट्यावर ग्रामपंचायतीनं पाटी लावली. ज्वालामुखी क्रिकेट मंडळ निघालं, ज्वालामुखी टी सेंटर निघालं. लग्नाची बोलणी करायला आलेल्या पाहुण्यांना चहा झाला की टेकडी दाखवायची पद्धत पडली. दिवाळीनंतर सर सगळ्या वर्गाला वर न्यायचे. खड्ड्याच्या कडांवर वरून खाली आलेल्या सरळ, अर्धगोल पन्हळी होत्या, सब्बल म्हणजे पहार बसेल एवढ्या रुंद. सर त्यांवरून हात फिरवायचे. "इथून वाफ निघे. वास घेऊन पाहा." आम्ही नाक लावायचो. संतोष म्हणाला, "सर, माचिससारखा वास येऊन राह्यला." सर म्हणाले, "तो तुह्या खिशातल्या बिडीचा असन."

गावच्या बाया नागपंचमीला टेकडीवर जायच्या. माझी आजी कधी गेली नाही. गुडघे दुखतात म्हणायची. निंदणाच्या दिवसांत मात्र सकाळपासून ओणवी असायची, तेव्हा तिचे गुडघे कुठं जायचे ते मला कळत नसे.

आमच्या घरात बी.ए. झालेला मी पहिला. हे मी कोणी विचारलं नाही तरी सांगतो. भूगोल घेतला तो सरांमुळे. एम.ए.ला अमरावतीला गेलो. तिथं पहिल्याच महिन्यात प्राध्यापकांनी विचारलं, कोणाच्या गावाजवळ कोणतं भूरूप आहे. मी छाती काढून उभा राहिलो. म्हणालो, आमच्या गावाला ज्वालामुखी आहे, मुखासकट. प्राध्यापक हसले नाहीत, वर्ग हसला. प्राध्यापकांनी फळ्यावर आकृती काढली. आपल्याकडे शंकूसारखे ज्वालामुखी शोधू नका, म्हणाले. इथं जमीन लांबच लांब भेगांनी फाटली, लाव्हा पसरत गेला, थरावर थर बसले. आज आपण ज्याला डोंगर म्हणतो तो नद्यांनी कापून कापून उरलेला भाग आहे. लाल थर, छिद्रांचा दगड, पांढरे खडे हे सगळं पठारावर कुठंही सापडतं.

मी खाली बसलो. कान इतके तापले होते की खरंच काहीतरी फुटेल असं वाटलं. त्या दिवसापासून मी मेसमध्ये ताट घेऊन उभा राहिलो की मागून कोणीतरी म्हणायचं, "सरका रे बाजूले, फुटन." मी फटकळ माणूस, एरवी उलटं बोललो असतो. पण कोणत्या तोंडानं बोलणार? त्यांचं बरोबर होतं.

दिवाळीच्या सुट्टीत बॅग घरी टाकली आणि तडक सरांकडे गेलो. सर तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. काकूंनी चिवड्याची वाटी हातात दिली. ती तशीच धरून मी म्हणालो, "सर, तुम्ही शिकवलेलं चूक आहे. तो ज्वालामुखी नाही."

सरांनी वाद घातला नाही. माझ्याकडून सगळं समजून घेतलं, भेगा कशा, थर कसे, मध्येच थांबवून "हे पुन्हा सांग" म्हणाले. विद्यार्थी बसतो तसे बसले होते. शेवटी एवढंच विचारलं, "मग वरचा खड्डा?" आणि चपला घातल्या.

वर गेलो. कॉलेजच्या सहलीत मी एक जुनी खदान पाहिली होती, त्यामुळे कडेवरच्या पन्हळी पाहताच मला कळलं. "सर, हे सुरुंगाचे भोकं आहेत. सब्बलनं पाडलेले. अर्धं भोक दगडासोबत उडालं, अर्धं इथं राहिलं." सरांनी एका पन्हळीत बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ काढलंच नाही. "मी यातून वाफ काढली," ते म्हणाले. "पोरायले वास घ्याले लावला." मग मान वर न करता विचारलं, "कोणी खोदलं असन रे?"

मला माहीत नव्हतं. म्हणून आम्ही माझ्या घरी आलो, गावातलं सगळ्यात जुनं माणूस आमच्याच घरी होतं. आजी अंगणात तूर पाखडत होती.

"माय," सर म्हणाले, "टेकडीवरचा खड्डा कोणी खोदला?"

आजीचं सूप थांबलं. "कोनी कायले खोदन? तुमीच त म्हनता ज्वालामुखी आहे."

"मी चुकलो, माय."

आजीनं माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. मग सूप बाजूला ठेवलं. "आमीच खोदला," ती म्हणाली. "बहात्तरच्या दुष्काळात. सरकारी काम निंगालं, खडी फोडाचं. घरचं वावर होतं, पन वावरात काय होतं? माती. तोंडावर पदर घेऊन जात होतो, कोनी वळखू नाही म्हनून. मजुरीसंग खायाले सुकडी भेटे. मी नाही खाल्ली, पदरात बांधून आनली. याच्या बापाले थेच चारली."

"मग इतके वर्ष सांगितलं काहून नाही?" मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"कोनाले सांगाव? ननदेची सोयरीक चालू होती. वावरवाल्याच्या घरच्या बाया खडी फोडतेत म्हनलं तर कोन येते दारात? मंग हे मास्तर आले, यायनं म्हनलं ज्वालामुखी. आमाले बरं वाटलं. आमी फोडलं म्हनन्यापक्षा देवानं फोडलं म्हनलेलं बरं."

सर म्हणाले, "तुमच्यासंग मजुरीवाले लोक असतीन. त्यायनं तरी सांगाव."

"त्यायले कोनी इचारलं काय?"

पहिल्या हिवाळ्यात सर चावडीवर गेले होते, मजुरांच्या वस्तीत गेले नव्हते. मीही त्या गावात वाढलो आणि कधी गेलो नव्हतो. आजी पुढं म्हणाली, "मास्तर, ज्वालामुखी नाही म्हनाचं तर म्हना. पन आमचं नाव काढू नोका. घरात नात आहे लग्नाची. मी जोवर म्हनत नाही तोवर नाही." सरांनी शब्द दिला. मलाही द्यायला लावला.

मला वाटलं विषय संपला. सरांचा तेव्हा सुरू झाला. "चुकीचं शिकवलं, ते वापस घ्यावं लागते," ते म्हणाले. आणि खरोखर निघाले. जुनी स्कूटर काढायची, आणि जो जुना विद्यार्थी जिथं असेल तिथं जायचं. सुट्टीत मी घरी असलो की मागं बसायचो. दुसऱ्या कोणाला हे सांगितलं असतं तर हसले असते, म्हणून त्यांनी सोबतीला मला धरलं असावं. किंवा सुरुवात मी केली होती म्हणून.

लोहाऱ्याला संतोष एका कारखान्यात कामाला होता. जेवणाच्या सुट्टीत तो गेटवर आला, वाकून पाया पडला. सरांनी सरळ मुद्द्याला हात घातला. "संतोष, टेकडी ज्वालामुखी नोहे. मी चुकीचं शिकवलं."

संतोष हसला. "सर, एवढ्यासाठी उन्हात आले? काय फरक पडते?"

"तुले नाही पडत. मले पडते."

"मंग तो खड्डा कायचा आहे?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "माहीत नाही."

संतोषनं टाळी वाजवली. "सर, मग उभे राहा आता."

त्याच्यासोबतचे कामगार हसले. संतोषच्या मनात वाईट काही नव्हतं, शाळेतली गंमत त्यानं परत केली होती. सर उभेच होते. सुट्टी संपल्याचा भोंगा वाजेपर्यंत ते गेटसमोर तसेच उभे राहिले, आणि मी त्यांच्या शेजारी. उत्तर माझ्या घरी अंगणात तूर पाखडत बसलं होतं. मान वर करून कारखान्याकडे पाहायची मला लाज वाटत होती.

ढाणकीला गेलो तेव्हा सरांच्या सुरुवातीच्या वर्गातला प्रल्हाद आपल्या बियाण्याच्या दुकानात गिऱ्हाईक करत होता. त्यानं गादीवर बसवलं, चहा सांगितला. ऐकून घेतल्यावर म्हणाला, "सर, मी त पोरीच्या सासरी सांगून बसलो. व्याही दर खेपेस इचारते, ज्वालामुखी कसा आहे म्हणून. आता काय सांगू?"

"सांग, मास्तर चुकला."

"आन खड्डा?"

"माहीत नाही."

प्रल्हादनं माझ्याकडे पाहून डोळ्यानंच विचारलं, सर बरे आहेत ना? मी मान खाली घातली. त्याचा त्यानं घ्यायचा तो अर्थ घेतला.

गावात तर आणखी वाईट झालं. सर चळले, असं लोक बोलायला लागले. टी सेंटरवर पोट्टे त्यांना मुद्दाम विचारायचे, "सर, टेकडी काय आहे?" सर शांतपणे सांगायचे. "आन खड्डा?" "माहीत नाही." आणि हशा. पण पोरांचं मला एवढं लागलं नाही. तिथंच बाकड्यावर बसलेली, आजीच्या वयाची माणसं, ज्यांच्या हातांना त्या दगडाचे घट्टे पडले असतील, तीही मान हलवून म्हणायची, "वय झालं बापा मास्तरचं."

एकदा परत येताना मी स्कूटरच्या मागून म्हणालो, "सर, सांगून टाकतो मी. आजीले काय वाटन ते वाटो."

सरांनी स्कूटर बाजूला घेतली. "चूक माझी आहे," ते म्हणाले, "आन खड्डा त्यायचा आहे. हे दोन मिसळू नको." पुन्हा किक मारली. त्या विषयावर ते एवढंच बोलले. मी पदव्यांवर पदव्या घेतल्या, नेट पास झालो, पण ते वाक्य मला कुठल्या वर्गात मिळालं नसतं.

पुढं माझ्या बहिणीचं लग्न झालं. आजी त्यानंतरही काही बोलली नाही. मीही विचारलं नाही. मग सरांना झटका आला आणि डावी बाजू गेली. आजी म्हणाली, चाल, पाहून येऊ. सर खाटेवर होते. त्यांनी उजव्या हातानं डावा हात उचलला आणि चादरीवर आडवा ठेवला. बोटं मिटलेली होती. एक एक उघडून पाहिलं, ती पुन्हा मिटत होती. अर्ध्या तोंडानं ते हसले. "माय, बोटं मिटले. सगळ्या नद्या बंद झाल्या."

काकू चहा घेऊन आल्या तोवर आजी उठून बाहेर गेली होती. घरापर्यंत ती माझ्या पुढं चालली, एकदाही मागं पाहिलं नाही.

त्या उन्हाळ्यात सर गेले.

शाळेच्या पटांगणात शोकसभा झाली. संतोष आला, प्रल्हाद आला, मंडप भरला. सरपंच चांगलं बोलले. सरांनी गावाला ज्वालामुखी दिला, म्हणाले. "शेवटी शेवटी त्यायची आठवण साथ देत नव्हती, म्हणून ते नाही म्हणत. पण आपण त्यायचं आधीचंच शिकवणं लक्षात ठेवू." मग त्यांनी माझं नाव पुकारलं. गावातला भूगोल शिकलेला मुलगा.

मी माईक घेतला. म्हणालो, सरांची आठवण शाबूत होती. टेकडी ज्वालामुखी नाही, हे सरांना कळलं होतं आणि ते दारोदार जाऊन सांगत होते. एवढं बोलून थांबलो, तर मंडपातून कोणीतरी ओरडलं, "मंग खड्डा कायचा आहे, सांग ना. तू त शिकला."

शब्द दिलेला होता. 'माहीत नाही' हे माझ्या ओठांवर आलं, आणि तिथंच अडकलं, कारण ते शब्द सरांनी कसे उच्चारले होते ते मला दिसत होतं.

बायांच्या बाजूनं हालचाल झाली. आजी शेजारणीच्या खांद्याला धरून उठली होती.

"त्याले नोका इचारू," ती म्हणाली. "मले इचारा. खड्डा आमी खोदला. दुष्काळात. मी होती, आनखी लय जनं होते, ते इथंच बसले आहेत. मास्तरले सगळं माहीत होतं. मी त्यायचं तोंड बांधून ठेवलं होतं." तिला धाप लागली. "त्या खडीचा नेरचा रस्ता झाला. ज्या रस्त्यानं तुमी सगळे आज आले."

मग सरपंचांचे काका, खुर्चीत बसल्या बसल्या, जमिनीकडे पाहत म्हणाले, "सुरुंगाची वात मी लावो." मागं, मंडपाबाहेर, मजुरांच्या वस्तीतले लोक उभे होते. त्यांना यात नवीन काहीच नव्हतं. संतोष माझ्यासमोरच्या रांगेत होता. तो हळूच उठला आणि सभा संपेपर्यंत उभा राहिला.

फाट्यावरची पाटी पुढं फिकी होत गेली, कोणी पुन्हा रंगवली नाही. क्रिकेट मंडळाचं नाव तेवढं तेच आहे. पोट्टे म्हणतात, जर्सी छापून झाल्या.

मी आता दारव्हा तालुक्यात एका शाळेवर भूगोल शिकवतो. त्या धड्याला घड्याळ काढतो, बाही दुमडतो, पोरांना मागं बोलावतो. कोपर, मनगट, बोटं, नद्या. करंगळीशेजारच्या बोटावर ठिपका देतो आणि सांगतो, इथं एक टेकडी आहे, तिच्यावर खड्डा आहे, तो माझ्या आजीनं खोदला. कोणीतरी हमखास विचारतं, "कायले खोदला, सर?"

"रस्त्याले खडी पाहिजे होती," मी सांगतो. "आणि घरी खायला नव्हतं."

पहिलं वाक्य मी मोठ्यानं म्हणतो. दुसऱ्याला आवाज आपोआप खाली येतो. तेव्हा मागं उभ्या असलेल्या पोरांना आणखी जवळ यावं लागतं.